व्हीली शिकायची तर सुरुवात मागच्या ब्रेकपासून

व्हीली, म्हणजे पुढचं चाक हवेत ठेवून गाडी चालवणं, शिकायला निघालेल्याचा पहिला प्रश्न हमखास ताकदीचा असतो: आपल्या गाडीत तेवढा दम आहे का? ५ मे १९९१ रोजी जपानमध्ये त्सुकुबाच्या चाचणी ट्रॅकवर यासुयुकी कुदो यांनी पुढचं चाक एकदाही न टेकवता ३३१ किलोमीटर गाडी चालवली. गाडी होती होंडाची टीएलएम २२० आर, दगडधोंड्यांवरून चालवायच्या ट्रायल्स प्रकारातली, हलकी आणि बेताच्या ताकदीची. त्याआधी १९८४ मध्ये अमेरिकेत टॅलाडेगाच्या ट्रॅकवर डग डोमोकोस यांनी १४५ मैल, म्हणजे २३३ किलोमीटर, एका चाकावर कापले होते. नुसत्या रेसच्या जोरावर एवढं अंतर निघत नाही. चाक हवेत ठेवण्यासाठी रेस वाढवत गेलं की वेग वाढतो, इंजिन फेऱ्यांच्या टोकाला पोचतं, ओढ संपते आणि चाक खाली येतं. लांब व्हीली तोलावर चालते आणि तो तोल सांभाळतो मागचा ब्रेक. म्हणून इथे चाक खाली आणणं आधी शिकायचं आहे, वर उचलणं नंतर.

खालचे आकडे आपल्याकडे सहज मिळणाऱ्या, दोनशे सीसीच्या आसपासच्या, एका सिलिंडरच्या गिअरवाल्या गाड्यांना धरून आहेत.

चाक उठतं कशामुळे

मागचं टायर गाडीला पुढे ढकलतं तो जोर जमिनीच्या पातळीवर लागतो. गाडी आणि चालक यांच्या एकत्र वजनाचा मध्य मात्र जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटर वर असतो. या उंचीमुळे टायरचा जोर गाडीला मागे कलवायला बघतो आणि वजन तिला पुढे दाबून धरतं. दोन चाकांमधलं अंतर १३५ सेंटिमीटर आणि वजनाचा मध्य मागच्या आसाच्या ६५ सेंटिमीटर पुढे धरला, तर नुसत्या रेसने चाक उचलायला दर सेकंदाला ताशी ३५ किलोमीटरने वेग वाढायला हवा. दोनशे सीसीला हे झेपत नाही. इथे क्लच उपयोगी पडतो. इंजिन आधीच जोरात फिरवून ठेवायचं आणि क्लच सोडून फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या जड फिरत्या चाकात, साठलेली ताकद एका झटक्यात मागच्या चाकाला द्यायची.

चाक जसं वर जातं तसा वजनाचा मध्य मागच्या आसाच्या जवळ सरकतो, म्हणजे पुढे दाबणारा जोर कमी होतो. त्यामुळे वर गेल्यावर कमी रेस लागते. एका कोनात वजन बरोबर मागच्या चाकाच्या टेकण्यावर येतं. हा तोलबिंदू. गाडी आणि चालकानुसार तो साधारण ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान असतो. इथे वेग टिकवण्यापुरती रेस पुरते. त्याच्या पुढे गेलं की गाडी आपल्या वजनानेच पाठीवर पडायला लागते आणि तेव्हा रेस सोडून भागेलच असं नाही. मागचा ब्रेक दाबला की टायरवर उलट्या दिशेचा जोर लागतो आणि तोच गाडीचं नाक खाली आणतो.

शिकणाऱ्याला हा कोन फार उंच वाटतो. २० अंशांवर गेलेला माणूस शपथेवर सांगतो की गाडी उभी झाली होती. मित्राला मोबाईल घेऊन बाजूला, सीटच्या उंचीवर, बसवा आणि प्रत्येक फेरीनंतर चित्रण बघा. आपल्या जाणिवेवर सुरुवातीला विश्वास ठेवता येत नाही.

कोणती गाडी

शिकायला हलकी, सरळ बसायची, रुंद हँडलची गाडी घ्या. हीरोची एक्सपल्स २०० बऱ्यापैकी योग्य: तारांची चाकं, लांब सस्पेन्शन, आणि सिंगल चॅनल (फक्त पुढच्या चाकाच्या) एबीएसच्या मॉडेलांत मागच्या ब्रेकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लुडबुड नाही. ड्यूक २०० चं चाक जास्त चटकन उठतं. जमलेल्याला ते आवडतं, शिकाऊला ते घाबरवतं. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आणि ताकद २० हॉर्सपॉवर, तिच्यावर क्लच प्लेटा जाळून हाती काही लागत नाही. स्कूटर तर नकोच, तिच्यात क्लच तुमच्या हातात नसतो.

आरएक्स १०० बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे व्हीली म्हटलं की आजही तिचंच नाव निघतं. शंभर किलोच्या आसपासची ही टू-स्ट्रोक गाडी चाक उचलण्यात हुशार आहे, खाली आणण्यात नाही. टू-स्ट्रोक इंजिन रेस सोडल्यावर फारसं अडवत नाही आणि मागचा ड्रम ब्रेक जुना असला की उशिरा पकडतो. पहिली गाडी म्हणून ती टाळा.

स्लिपर क्लच असलेल्या गाड्यांमध्येही रेस सोडल्यावर इंजिनची अडवणूक कमी होते, तिथे सगळा भार ब्रेकवर येतो. ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांचा, एबीएस असेल तर मागचा एबीएस बंद करायची सोय आहे का ते बघा. व्हीलीत पुढचं चाक मंदावतं, मागचं फिरत असतं, हा फरक पाहून यंत्रणा गोंधळू शकते आणि नेमक्या वेळी मागच्या ब्रेकचा दाब सोडू शकते. बंद करता येत नसेल तर ती गाडी शिकायला घेऊ नका. मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर तोही बंद.

जागा, कायदा, कपडे

सार्वजनिक रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय भारतीय न्याय संहितेचं बेदरकार गाडी चालवण्याबद्दलचं कलम २८१ आहेच. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी रस्त्याला मधोमध उंचवटा आणि कडेला उतार असतो, त्यामुळे उठलेली गाडी आपोआप एका बाजूला जाते. शिकायला ते सगळ्यात वाईट.

परवानगी घेतलेलं बंद कारखान्याचं आवार किंवा खासगी पट्टी शोधा. लांबी निदान २०० मीटर, रुंदी ८ ते १० मीटर, पृष्ठभाग काँक्रीट किंवा डांबर. किंचित चढ मिळाला तर उत्तम: चाक लवकर उठतं आणि वेग आटोक्यात राहतो. मुरमावर टायर घसरतं, जोर फुकट जातो, आणि मध्येच पकड मिळाली की चाक अचानक भसकन उठतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर काँक्रीटवर शेवाळ असतं, सुकलेलं दिसलं तरी चालून बघा. गाडी छोटा हत्तीत घालून नेलेली बरी. सराव करून दमलेल्या हातांनी आणि कदाचित वाकलेल्या लिव्हरने घरी यावं लागत नाही.

आयएस ४१५१ मानकाचं फुल फेस हेल्मेट, पाठीचं कवच, कोपर आणि गुडघ्या-नडगीचे गार्ड, पूर्ण बोटांचे हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. यातलं पाठीचं कवच लोक वगळतात आणि व्हीलीत पडणं पाठीवरच होतं. बुटाचा तळ फार जाड नको, पेडल कळलं पाहिजे. सोबत एक जाणता माणूस आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवा, एकट्याने जायचं नाही.

गाडीची तयारी

सगळ्यात आधी मागच्या ब्रेकचं पेडल. कारखान्यातून येतं ती उंची दोन्ही चाकं जमिनीवर असताना सोयीची असते. गाडी मागे कलली की घोट्याचा कोन बदलतो आणि पाऊल पेडलवरून उचललं जातं. हे घरीच तपासता येतं. इंजिन बंद, मागच्या चाकामागे दगड, तुम्ही गाडीवर बसलेले, दोघांनी दोन बाजूंनी फोर्क धरून पुढचं चाक हळूहळू उचलायचं, तिसरा मागे सीटला आधार देऊन उभा. तोलबिंदूला नेऊन थांबवा. दोघांच्या हातांवरचं वजन जवळजवळ नाहीसं झालं की तो कोन आला. या स्थितीत टाच फूटरेस्टवर टेकलेली आणि चवडा पेडलवर हवा, पाय न सरकवता ब्रेक लागला पाहिजे. लागत नसेल तर पेडल वर-खाली करा. पेडलची मोकळी हालचाल कमीत कमी ठेवा, पण चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. याच प्रयोगात तो कोन डोळ्यांच्या आणि पोटाच्या सवयीचा होतो, हा वरचा फायदा.

क्लचच्या लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर ढिलाई ठेवा. केबल एका जागी जरी उसवलेली दिसली तरी बदला. तेल जॅसो एमए२ दर्जाचंच वापरा. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, त्याने ओला, म्हणजे इंजिनच्या तेलातच फिरणारा, क्लच घसरतो. तेलाची पातळी वरच्या खुणेला हवी, कारण गाडी उभी झाली की तेल मागे जातं आणि पातळी कमी असेल तर पंपाला हवा लागते. चेनची ढिलाई गाडीच्या पुस्तकात दिलीय तेवढीच. ढिली चेन क्लच सोडताना झटका देते आणि उचल दर वेळी वेगळी होते.

मागच्या टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा ४ ते ५ पीएसआय कमी ठेवली की टायरचा टेकण्याचा भाग रुंद होतो आणि डावी-उजवीकडची डगमग कमी होते. स्टंट करणारे याहून बरीच कमी ठेवतात, पण ते हळू वेगात खेळतात आणि त्यांची गाडी तेवढ्यासाठीच असते. घरी परतण्याआधी हवा पुन्हा भरा. टाकी अर्धी असू द्या.

गिअरचं प्रमाण बदलावं का? पुढच्या स्प्रॉकेटला १४ आणि मागच्याला ४३ दात असतील तर प्रमाण ३.०७ आहे. पुढे १३ बसवलं की ३.३१ होतं, म्हणजे चाकाला सुमारे ८ टक्के जास्त ओढ. हाच परिणाम मागे ४६ दात लावून मिळतो, पण पुढचं स्प्रॉकेट स्वस्त पडतं आणि बहुतेक वेळा चेनही तीच चालते. पहिल्या गिअरमध्ये चाक नीट उठत असेल तर याला हात लावू नका.

दोन गोष्टींवर मात्र पैसे घाला. एक, मनगटाला बांधायच्या दोरीचा किल स्विच: तुम्ही गाडीपासून वेगळे झालात की इंजिन बंद. दुसरी, गाडीच्या मागे लावायचा लोखंडी बार, ज्याला स्टंटवाले ट्वेल्व्ह बार म्हणतात. गाडी फार मागे गेली की आधी तो जमिनीला घासतो आणि उलटणं अडतं. तो सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या मागच्या चौकटीला नाही, मुख्य चासीला जोडलेल्या आधारावर बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच दणक्यात सबफ्रेम वाकते. असा बार लावलेली गाडी रस्त्यावर काढायची नसते. कलम ५२ नुसार मूळ बांधणीतले बदल चालत नाहीत.

पहिला दिवस: फक्त ब्रेक

पहिला गिअर, ताशी १५ किलोमीटर, दोन्ही चाकं जमिनीवर. रेस किंचित चालू ठेवूनच मागचा ब्रेक हलका दाबा, सोडा, पुन्हा दाबा. इंजिन ओढतंय आणि ब्रेक अडवतोय, या दोन्हींच्या मध्ये गाडी कशी वागते ते पायाला कळू द्या. नजर समोर, पायाकडे नाही. बूट पेडलवर असतानाही ब्रेक लागू नये आणि ठरवल्यावर अर्ध्या क्षणात लागावा, इतकं झालं की पुढे जा.

मग सहा इंचांची उचल. क्लचची पद्धत पुढे सांगितली आहे, पण या टप्प्यावर उचल हा फक्त ब्रेक मारायचा बहाणा आहे. चाक सुटलं रे सुटलं की ब्रेक. आणि क्रम असा: आधी ब्रेक, मग रेस बंद. बहुतेकांचा हात आपोआप आधी रेस सोडतो. तसं केल्याने चाक खाली येतंच, आणि म्हणून पायाला काही शिकावंच लागत नाही. पुढे तोलबिंदूजवळ गेल्यावर मात्र हाताची सवय अपुरी पडते. निदान शंभर वेळा, लागोपाठ, एकदाही पाय न चुकता हे जमलं पाहिजे. कंटाळवाणं आहे. इथे कंटाळून पुढे गेलेले लोकच गाडी पाठीवर घेतात.

क्लचने उचल

सीटवर टाकीपासून चार बोटं मागे बसा. गुडघ्यांनी टाकी धरा. कोपरं वाकलेली, खांदे सैल. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट क्लचवर, बाकीची ग्रिपवर. उजवा हात ग्रिपवर थोडा बाहेरून, दाराचा गोल मूठदांडा धरावा तसा, कोपर बाहेर काढून ठेवा. सरळ मुठीत धरलं तर अंग मागे गेलं की मनगट खाली पडतं आणि रेस आणखी उघडते. गाडी वर जाते, अंग आणखी मागे जातं, रेस आणखी उघडते. बहुतेक गाड्या अशाच उलटतात.

पहिला गिअर, ताशी १२ ते १५ किलोमीटर. क्षणभर रेस सोडा, पुढचे शॉकॲब्सॉर्बर दबतील. क्लच पूर्ण नाही, जिथून पकड सुटते तिथपर्यंतच दाबा. रेस मिनिटाला ५,५०० फेऱ्यांपर्यंत न्या. दबलेले शॉकॲब्सॉर्बर उसळून वर येत असतात, त्याच उसळीवर क्लच एकदम सोडा, रेस आहे तिथेच धरून. हे सगळं मिळून एका सेकंदाच्या आत होतं. हँडल ओढायचं नाही. हात ताणले जाऊ द्या, छाती मागे जाऊ द्या, बस्स.

चाक उठलं नाही तर पुढच्या वेळी ५०० फेऱ्या वाढवा, एकदम २,००० नाही. दोनशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना ६,००० ते ७,००० मध्ये पुरतं. तरीही उठत नसेल तर कारण बहुधा हातात असतं. क्लच हळूहळू सोडला तर ताकद प्लेटा घासण्यात जाते. सोडताना घाबरून रेसही सोडली तर इंजिन बसतं आणि गाडी नुसती हिसका देते. ही चूक सगळ्यांत जास्त दिसते आणि चालवणाऱ्याला स्वतःला कळत नाही, चित्रणात इंजिनचा आवाज ऐकलात की कळेल. वेग आधीच २५ च्या पुढे असेल तर इंजिन आणि चाक यांच्या फेऱ्यांत फरकच उरत नाही, मग झटका कुठून येणार? आणि क्लच सोडल्यावर फेऱ्या वाढल्या पण गाडी ओढलीच नाही, तर प्लेटा संपल्यात.

याउलट चाक दर वेळी वेगळ्या उंचीवर जात असेल तर तुम्ही हँडल ओढताय. हाताच्या जोराला माप नसतं, फेऱ्यांना असतं. पाच वेळा उचललं आणि पाचही वेळा चाक गुडघ्याएवढंच वर गेलं, तेव्हा उंची वाढवायचा हक्क मिळतो.

वर जाणं आणि वर राहणं

उंची वाढवायला फेऱ्या थोड्या वाढवा किंवा चाक उठल्यावर लगेच दुसऱ्यांदा क्लचचा छोटा झटका द्या. दुसरी रीत जास्त चांगली, उचल दोन टप्प्यांत होते आणि विचार करायला वेळ मिळतो. प्रत्येक नव्या उंचीवर काही फेऱ्या फक्त ब्रेक मारून खाली येण्यात घालवा.

साधारण ३० अंशांपर्यंतच्या व्हीलीत एक फसवी अवस्था असते. चाक हवेत आहे, टाळ्या पडतायत, पण वेग सारखा वाढतोय आणि रेस दिली नाही की चाक पडतंय. याचा अर्थ तुम्ही तोलबिंदूच्या बरेच खाली आहात. इथे लोक महिनोन्‌महिने अडकतात आणि उपाय म्हणून दुसरा-तिसरा गिअर, जास्त वेग असं काहीतरी शोधतात. उपाय एकच, आणखी वर जायचं. आणि वर जायची हिंमत तेव्हाच येते जेव्हा ब्रेकवर भरवसा बसलेला असतो.

वर पोचलात की पहिल्यांदा एक वेगळीच गोष्ट जाणवते: इंजिनचा आवाज कमी होतो, कारण रेस कमी पुरते, आणि हँडल हलकं होतं. आता रेस उघडायची ती केसभर, बंद करायची तीही केसभर. चाक खाली जायला लागलं की किंचित रेस, मागे जायला लागलं की किंचित ब्रेक. ब्रेक इथे थांबण्यासाठी नाही, गाडी पुढे-मागे तोलण्यासाठी आहे, म्हणून तो दाबून सोडायचा, दाबून धरायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये ताशी २० ते ३० किलोमीटरच्या दरम्यान वेग कायम राहिला की तोल सापडला असं समजा. नजर गाडीच्या बाजूने दूर, निदान ३० मीटर पुढे. टाकीकडे पाहिलंत तर खाली याल.

गाडी एका बाजूला जात असेल तर आधी कारण बघा. क्लच सोडताना डावा हात ओढला जातो म्हणून बहुतेकांची गाडी डावीकडे जाते. मागचं चाक चेनच्या खुणांवर तिरकं बसलेलं असेल तरी तेच होतं. हे दोन्ही नसेल तर दुरुस्ती अंगाने करायची: गाडी डावीकडे झुकली की उजवा गुडघा बाहेर काढा आणि वजन उजव्या फूटरेस्टवर द्या. हँडल फिरवून फारसं काही होत नाही, आणि फिरवलेलंच राहिलं तर उतरताना महागात पडतं. एका मर्यादेपलीकडे झुकली तर वाचवायचा हट्ट न करता खाली या.

उतरणं

ब्रेकने नाक खाली यायला लागलं की ब्रेक सोडा आणि चाक टेकायच्या आधी रेस किंचित उघडा. त्याने चाक आपटत नाही, ठेवल्यासारखं बसतं. हँडल सरळ हवं. हवेत चाक मंदावलेलं असतं, ते तिरकं टेकलं तर जमीन त्याला एकदम फिरवते आणि हँडल डावी-उजवीकडे झटके मारायला लागतं. झालंच तर हँडल गच्च आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा, रेस हळू कमी करा. चाक हवेत असताना पुढचा ब्रेक कधीही नाही: चाक थांबतं आणि थांबलेलं चाक टेकलं की घसरतं. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर बोटच ठेवू नका.

आणि ब्रेक चुकला, गाडी पाठीवर चालली, तर? धरून ठेवू नका. हात सोडा, पाय जमिनीवर टाका, गाडीला पुढे ढकला आणि तिच्यापासून बाजूला व्हा. हळू वेगात हे चालत-चालत होतं, वेगात होत नाही. म्हणूनच सगळं शिक्षण पहिल्या गिअरमध्ये आणि ३० च्या आत. बऱ्याच नव्या गाड्यांत आडवी पडल्याचं ओळखणारा सेन्सर इंजिन बंद करतो. मग चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, सेल्फ दाबत बसू नका.

दुसरा गिअर पहिल्या गिअरात तोल टिकायला लागल्यावरच घ्यायचा. तो गुळगुळीत असतो, रेसला एवढ्या झटक्याने उत्तर देत नाही, त्यामुळे तोल सांभाळायला खरं तर सोपा. पण उचल ताशी २५ ते ३० ला करावी लागते, फेऱ्या जास्त लागतात आणि चूक झाली तर वेग दीडपट असतो. हवेत गिअर बदलण्याचं आकर्षण सगळ्यांना असतं. लांब व्हीलीला त्याची गरज नाही.

गाडीला काय होतं

वीस मिनिटं सराव, वीस मिनिटं विश्रांती. ही विश्रांती क्लचसाठी आहे. तापल्यावर लिव्हरची ढिलाई बदलते, ती थंड झाल्यावर पुन्हा मोजा. जळका वास आला की त्या दिवसापुरतं पुरे, तशाच प्लेटा रेटल्या तर त्या ज्यात बसतात त्या बास्केटला खाचा पडतात आणि खर्च कित्येक पटीने वाढतो. पंखा नसलेलं एअरकूल्ड इंजिन हळू वेगात लवकर तापतं, उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उरका.

दर सरावानंतर चेनची ढिलाई बघा आणि ती चेन फिरवून चार ठिकाणी मोजा. एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे ढिली असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. अलॉय चाकाची रिम बोटाने चाचपून चीर शोधा, तारांच्या चाकात प्रत्येक तार टिचकीने वाजवून ढिली कुठली ते बघा. ब्रेक शू किंवा पॅड नेहमीच्या निम्म्या वेळात झिजतात. फोर्कच्या नळीवर तेलाचं वर्तुळ दिसलं की ऑईल सील फाटलेत. ते तेल ओघळून पुढच्या डिस्कवर जातं, म्हणून सील बदलेपर्यंत गाडी चालवू नका आणि पॅडला तेल लागलं असेल तर तेही नवीन घाला.